साक्षीदार क्रमांक चार

वीज गेली म्हणून ऐकू आलं.
नाहीतर अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये
अठ्ठेचाळीस माग चालू असताना
आभाळ फाटलं तरी कळत नाही.

एप्रिल. रात्रीचे दोन वाजून गेलेले.
बनियन उशाशी घेऊन गच्चीवर पडलो होतो.
वर एक दिवा हैदराबादकडे सरकत होता.
त्याच्या शेपटाशी ठिणगी उडाली,
विडीची राख झटकावी एवढीच.
मी जॉबर माणूस, सवयीनं मोजायला लागलो.
तेहतिसाव्या आकड्याला आवाज पोचला:
धोटा पेटी चुकून लाकडावर आदळतो, तसा.
मग एकच इंजिन, सूर उतरलेला.
बऱ्याच वेळानं खालच्या पत्र्यावर
टण्ण.

सकाळी सापडलं. करंगळीएवढं पातं, तेही अर्धं.
विमान उतरलं होतं एका इंजिनावर,
एकशे एकाहत्तर माणसं आपापल्या घरी,
पेपरात चार ओळी.
मला वाटलं, झालं की.

चौथ्या दिवशी दिल्लीहून बीना कुरियन आल्या.
गरम चहाचा कप कडेनं धरावा तसं पातं उचललं.
मला गच्चीवर परत झोपवलं,
त्याच जागी, त्याच कुशीवर, मोजा म्हणाल्या.
एकतीस. तेहतीस. बत्तीस.
तिन्ही लिहून घेतले.
कुठला धरणार, मी विचारलं.
"धरायची घाई नाही," म्हणाल्या.

कापडाचे धागे मोजायचं भिंग माझ्या खिशातच असतं.
ते दिलं. तुटलेल्या कडेवर ठेवून त्यांनी मला बघायला लावलं:
वळ्या, एकीला लागून एक, दाट विणीसारख्या.
याच्या आत अजून बारीक रेघा आहेत,
एका उड्डाणाला एक.
धातू थकतो ना, आणि थकल्याचं लिहून ठेवतो.
तिकडे मोठ्या यंत्राखाली मोजू आम्ही.

दोन वर्षं सात महिने मोजत होते.
मध्ये दोनदा फोन.
एकदा, त्या रात्री वारं कुठलं होतं.
एकदा, अजून वेळ लागेल एवढंच सांगायला.

मग टपालानं एकशे अठरा पानं.
मुलगी वाचत गेली, इंग्रजीचं मराठी करत,
अडली की तेलुगूत.
ओतताना राहिलेली एक पोकळी, खसखशीच्या विसाव्या हिश्शाची.
चार हजार एकशे बारा रेघा.
नऊ वर्षांपूर्वीच्या तपासणीत ती दिसायला हवी होती का,
यावर सहा पानं. तपासणाऱ्याचं नाव नाही.
माझंही नाही. साक्षीदार क्रमांक चार,
यंत्रांच्या आवाजाचा सराव असलेला.
आणि पहिल्याच पानावर, चौकटीत:
दोष कुणाचा हे ठरवणं, हा या तपासाचा हेतू नाही.

परत वाच, म्हटलं.
तिनं वाचलं.
परत.

कनकय्याची तीन बोटं गेली त्या दिवशी
साहेब ऊन उतरायच्या आत माघारी गेले होते.
पंचनामा अर्धं पान. कामगाराचा निष्काळजीपणा.
सहीला पेन माझंच घेतलं.
दुसऱ्या पाळीला माग चौदा चालू,
आणि ते टॉवेल धुऊन गठ्ठ्यात.

अहवालात शेवटाकडे एक पान मोकळं आहे.
वर छापलंय, हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे.
मुलगी झोपल्यावर दिवा जवळ ओढला,
तेच पेन नाही, दुसरं घेतलं, आणि लिहिलं:

माग क्रमांक चौदा.
दांडा आपोआप सुटून माग सारखा थांबायचा,
म्हणून सुतळीनं बांधलेला.
सुतळी दुहेरी.
गाठ माझी.

खाली जागा उरली होती.
आवाज, असं लिहिलं, आणि पुढे:
आधीचे तीन दिवस
वेगळा येत होता.